ब्लॉकचेनवर कागद चढवण्याआधी: बडोद्यातल्या नवख्यांसाठी

दांडिया बाजारात माझं टायपिंग, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. अलीकडे कॉलेजची मुलं एक नवा प्रश्न घेऊन येतात. "मावशी, सर्टिफिकेटं ब्लॉकचेनवर व्हेरिफाय करून घ्यायची का?" विचारणारा बहुधा परदेशी निघालेला असतो, हातात फाइल असते, आणि मोबाइलवर एक जाहिरात उघडी असते: कायमचा पुरावा, जगभर मान्य, आज सवलत. ब्लॉकचेन म्हणजे एकाच वेळी अनेक कॉम्प्युटरांवर ठेवलेली, मागची नोंद बदलता न येणारी डिजिटल नोंदवही.

गेल्या वर्षी माझ्या सख्ख्या भाचीनं मला न विचारता पैसे भरले. दर कागदाला १,८०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी. एका कागदाचे २,१२४, पाच कागदांचे १०,६२०. दहावी-बारावीच्या पोरांच्या शिकवण्या घेऊन तिनं ते जमवले होते. मिळालं काय, तर कोपऱ्यात क्यूआर कोड आणि सोनेरी गोल छापलेल्या पाच पीडीएफ. कॅनडासाठी पदवीचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेनं त्या पीडीएफ उघडूनही पाहिल्या नाहीत. गुणपत्रकांचा ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडूनच यायला हवा, एवढंच उत्तर आलं. ती माझ्या दुकानात स्टुलावर बसून रडली. तेव्हापासून विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला मी जे सांगते, ते इथं क्रमानं लिहिते. क्रम महत्त्वाचा आहे. लोक शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात, म्हणून पैसे जातात.

पायरी १: कागद बघणार कोण, ते आधी लिहून काढा

एक कोरा कागद घ्या. डाव्या बाजूला तुमचा दस्तऐवज लिहा, उजव्या बाजूला तो ज्याच्या टेबलावर जाणार आहे त्याचं नाव. मग त्या माणसाच्या किंवा संस्थेच्या नियमांत तो कागद कोणत्या रूपात मागितला आहे ते शोधा आणि त्याच ओळीत लिहा. ब्लॉकचेन हा शब्द तिथं सापडला नाही, तर तुमचं निम्मं काम इथंच झालं.

परदेशी शिक्षणाचं उदाहरण घेऊ, कारण माझ्याकडे सगळ्यात जास्त तेच येतं. मूल्यांकन करणाऱ्या संस्थांना ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडून हवा असतो: बंद पाकिटात, पाकिटाच्या जोडावर सही-शिक्का मारून, किंवा विद्यापीठानं स्वतः ऑनलाइन पाठवलेला. महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकला असाल तर रांग तिथलीच लावावी लागणार. मधे कितीही सोनेरी शिक्के मारले तरी ती रांग चुकत नाही.

सरकारी कामासाठी परदेशात कागद दाखवायचा असेल तर अपोस्टिल लागतं. हा १९६१ च्या हेग करारातल्या देशांत चालणारा, कागदावरची सही-शिक्का खरा असल्याचं सांगणारा सरकारी शिक्का. भारतात तो २००५ पासून लागू आहे, आणि कॅनडाही जानेवारी २०२४ पासून या करारात आहे. परराष्ट्र मंत्रालयाची त्याची फी कागदाला ५० रुपये. कागद गोळा करणाऱ्या अधिकृत एजन्सीचा थोडा आकार वर लागतो, आणि त्याआधी राज्य पातळीवरचा शिक्का घ्यावा लागतो. हेलपाटे आहेत, हे खरं. पण तो शिक्का समोरचा अधिकारी ओळखतो आणि त्यावरचा क्रमांक तपासून बघू शकतो.

नोकरीचं म्हणाल, तर कंपन्या सहसा तपासणीचं काम दुसऱ्या एजन्सीला देतात आणि ती एजन्सी थेट कॉलेजला किंवा बोर्डाला विचारते. घर किंवा जमिनीच्या व्यवहारात सब-रजिस्ट्रारकडची नोंदणी बघतात. कोर्टाचं पुढे सांगते, तो विषय वेगळा आहे.

पायरी २: तुमच्याकडे फुकट किंवा किरकोळ पैशांत काय आहे ते बघा

डिजिलॉकर उघडा. १ जुलै २०१५ ला सुरू झालेली ही सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत. तिच्यात दोन कप्पे असतात आणि नव्या माणसाची चूक हमखास इथंच होते. एक कप्पा 'इश्यूड' म्हणजे ज्यानं कागद दिला त्याच्याकडूनच आलेल्या कागदांचा. दुसरा 'अपलोडेड' म्हणजे तुम्ही स्वतः स्कॅन करून टाकलेल्यांचा. पहिल्या कप्प्यातले कागद २०१६ च्या डिजिटल लॉकर नियमांनुसार मूळ कागदाच्या बरोबरीचे मानायचे आहेत. ही तरतूद फेब्रुवारी २०१७ मध्ये आली, नियम ९-अ. दुसऱ्या कप्प्यातल्या कागदाला तो मान नाही, तो नुसता तुमचा स्कॅन आहे. माझ्याकडे येणारी दहातली सात-आठ मुलं गुणपत्रिका अपलोड करून निश्चिंत झालेली असतात. 'इश्यूड'मध्ये जाऊन बोर्डाचं नाव, वर्ष आणि बैठक क्रमांक घालून ती मागवावी लागते. विद्यापीठाच्या पदव्यांसाठी नॅशनल अकॅडमिक डिपॉझिटरी आहे, तीही डिजिलॉकरमधूनच चालते.

दुसरी गोष्ट, डिजिटल सही. ई-आधार किंवा एखादा सरकारी दाखला पीडीएफमध्ये उघडला की सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं आणि माणूस घाबरतो. मागच्या महिन्यात एक गृहस्थ "सही खोटी निघाली" म्हणत धावत आले होते. सही खरीच असते, तुमच्या कॉम्प्युटरला ती कुणाची ते माहीत नसतं, एवढंच. कॉम्प्युटरवर अॅडोबी रीडरमध्ये त्या चिन्हावर राइट-क्लिक करा, 'व्हॅलिडेट सिग्नेचर' घ्या, तिथून 'सिग्नेचर प्रॉपर्टीज', मग सही करणाऱ्याचं सर्टिफिकेट उघडा. कुणाच्या नावानं दिलं आहे आणि वरची साखळी सीसीए इंडियापर्यंत, म्हणजे डिजिटल सह्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी कार्यालयापर्यंत जाते का, ते नीट वाचा. पटलं तर 'ट्रस्ट'मध्ये जाऊन ते विश्वासू यादीत घाला आणि पुन्हा व्हॅलिडेट करा. पिवळं चिन्ह जाऊन हिरवी खूण येते. तुम्ही आत्ता जे केलंत त्यालाच पडताळणी म्हणतात. कागद कुणी दिला हेही कळलं आणि नंतर त्यात बदल झालेला नाही हेही कळलं. एक पैसा लागला नाही. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं पाठबळ या सहीला आहे. मात्र ही सही फाइलमध्ये राहते. प्रिंट काढली की कागदावर उरतं ते सहीचं चित्र. म्हणून मूळ पीडीएफ जपून ठेवा.

आपल्या बडोद्याच्या कितीतरी मराठी घरांची जमीन अजून कोकणात नाहीतर कोल्हापूरकडे आहे. त्यांच्यासाठी सांगते: महाराष्ट्र सरकारच्या महाभूमी वेबसाइटवरून डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो, त्यावर पडताळणी क्रमांक असतो, आणि तो तलाठ्याच्या सहीशिवाय चालतो. गुजरातमधल्या जमिनीचा सातबारा आणि आठ-अ गुजरात सरकारच्या 'एनीआरओआर' वेबसाइटवर बघता येतो. गावच्या सातबाऱ्याला ब्लॉकचेनचं कवच म्हणून एका काकांकडून कागदामागे दीड हजारावर मागितले होते. मी त्यांना १५ रुपयांचा काढून दिला.

पायरी ३: ब्लॉकचेन नेमकं काय करतं, ते स्वतःच्या हातानं करून बघा

आमच्या आजोबांच्या पेटीत एक मोडी कागद होता. वर शिक्का, आणि मजकूर जिथं संपतो तिथं खाली एक लहान मुद्रा. आजोबा सांगायचे, वरचा शिक्का सांगतो की कागद कुणाचा, आणि खालचं मोर्तब सांगतं की लिहिणं इथं संपलं, याखाली कुणी ओळ घुसडू नये. ब्लॉकचेनचा विचार करताना मला ती पेटी आठवते. या सेवा तुम्हाला मोर्तब विकतात. शिक्का त्यांच्याकडे नसतो, कारण तो मुळात कागद देणाऱ्याचाच असतो.

मोर्तबाचं काम इथं हॅश करतो. कुठलीही फाइल एका गणिती रीतीतून काढली की ६४ अक्षरांची एक ओळ मिळते, शून्य ते नऊ आकडे आणि इंग्रजीतली पहिली सहा अक्षरं यांची. त्या फाइलच्या अंगठ्याचा ठसाच म्हणा. सगळ्यात जास्त चालणारी रीत एसएचए-२५६. तीच फाइल असेल तर ठसा तोच, मग कॉम्प्युटर अलकापुरीतला असो की टोरंटोतला. ठशावरून फाइल परत तयार करता येत नाही. ब्लॉकचेनवर फाइल जात नाही, हा ठसाच तारखेसह नोंदवला जातो.

आता हे घरी करा, दहा मिनिटांचं काम आहे. सेव्हन-झिप नावाचं मोफत सॉफ्टवेअर घाला. कुठल्याही फाइलवर राइट-क्लिक करा, 'सीआरसी एसएचए' असा पर्याय येईल, त्यात एसएचए-२५६ निवडा. ६४ अक्षरं समोर येतील. पहिली आठ आणि शेवटची आठ वहीत लिहा. मग त्याच गुणपत्रिकेचा स्कॅन उघडा, कोपऱ्यात कुठंतरी एक बारीक ठिपका द्या, सेव्ह करा आणि पुन्हा ठसा काढा. एखाद-दुसरं अक्षर बदलेल असं वाटतं. सगळी ओळच वेगळी येते.

माझ्या काउंटरवर मी मुलांना आणखी एक गोष्ट करून दाखवते, कारण प्रत्यक्षात घोटाळा तिथं होतो. गुणपत्रिकेचा फोटो व्हॉट्सअॅपवर साध्या फोटोसारखा मला पाठवायला सांगते. मी तो उतरवून घेते आणि ठसा काढते. डोळ्यांना दोन्ही फोटो एकच दिसतात, ठसे मात्र जुळत नाहीत, कारण व्हॉट्सअॅप वाटेत फोटो दाबून लहान करतं. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला की ठसा जसाच्या तसा राहतो. पीडीएफ नुसती दुसऱ्या प्रोग्रॅममधून पुन्हा सेव्ह केली तरी ठसा बदलतो. म्हणजे ब्लॉकचेनवर नोंद केली आणि नंतर तीच, अगदी तीच फाइल हरवली, तर त्या नोंदीचा तुम्हाला उपयोग उरत नाही. पुन्हा स्कॅन केलेला कागद चालणार नाही. पैसे घेणारे हे सांगत नाहीत.

आता खोटा कागद घ्या. कुणी गुणपत्रिकेत ५२ चे ८२ केले, त्याची पीडीएफ केली आणि ब्लॉकचेनवर चढवली. नोंद झाली, तारीख पडली, क्यूआर स्कॅन केला की हिरवी खूण येते. नोंद खरीच आहे! त्या दिवशी ती फाइल अस्तित्वात होती आणि नंतर ती बदललेली नाही, एवढं ती सांगते. ८२ गुण खरे का, ते ब्लॉकचेनला माहीत नाही. ते बोर्डालाच माहीत. भाचीला मी हे समजावलं तेव्हा ती म्हणाली, "मग मी खऱ्या कागदाचे पैसे भरले आणि खोट्यालाही तेवढ्याच पैशांत तीच खूण मिळाली असती?" हो. अगदी तसंच.

पायरी ४: तारखेचा पुरावा हवाच असेल तर फुकट घ्या

कधीकधी नुसती तारीखही मोलाची असते. एखाद्याला डिझाइन सुचलं, कुणी चाल बांधली, घरमालकाशी बोलणं चालू असताना भिंतीच्या ओलीचे फोटो काढले. हे अमुक दिवशी माझ्याकडे होतं, एवढं दाखवायचं असतं.

त्यासाठी ओपनटाइमस्टॅम्प्स ही खुली, मोफत व्यवस्था आहे. पीटर टॉड या बिटकॉइन प्रोग्रामरनं ती २०१६ मध्ये मांडली. तिच्या वेबसाइटवर फाइल ओढून टाका. फाइल तुमच्या ब्राउझरमधून बाहेर जात नाही, फक्त ठसा जातो. एक छोटी ओटीएस फाइल, म्हणजे नोंदीचा पुरावा, उतरते. काही तासांनी तिची नोंद बिटकॉइनच्या ब्लॉकचेनवरच्या एका ब्लॉकमध्ये, म्हणजे नोंदींच्या गठ्ठ्यात, पक्की होते. बिटकॉइनचा नवा ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी बनतो, पण नोंदी गोळा करून एकदम पाठवतात म्हणून वेळ लागतो. मूळ फाइल आणि ओटीएस फाइल एकाच फोल्डरमध्ये ठेवा, त्या फोल्डरची नक्कल पेनड्राइव्हवर घ्या. झालं. ज्यासाठी भाचीनं १०,६२० भरले ते तांत्रिक काम एवढंच होतं.

ही कल्पना बिटकॉइनपेक्षा जुनी आहे. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोघांनी १९९१ मध्ये डिजिटल कागदावर तारीख कशी मारावी यावर लेख लिहिला. त्यांच्या शुअरटी कंपनीनं १९९५ पासून दर आठवड्याला गोळा झालेल्या सगळ्या ठशांचा मिळून एक ठसा न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापायला सुरुवात केली. वर्तमानपत्राच्या लाखो प्रती घरोघर गेल्या की तारीख कोण मागे सरकवणार? बिटकॉइनच्या २००८ च्या मूळ लेखात संदर्भ आठच आहेत, त्यांतले तीन या दोघांच्या कामाचे.

आता कोर्ट. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर सोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा नमुना कायद्याच्या परिशिष्टातच दिलेला आहे: एक भाग पुरावा देणाऱ्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. त्या नमुन्यात फाइलचा हॅश लिहायची जागा आहे आणि कुठल्या रीतीनं काढला त्याच्या चौकटी आहेत, एसएचए-२५६ त्यांत आहे. ब्लॉकचेनची चौकट त्यात नाही. म्हणजे कायद्यानं ठशाला जागा दिली आणि तो ठसा तुम्ही सेव्हन-झिपनं काढू शकता. खटल्याचं काम असेल तर दिवाळीपुऱ्यातल्या कोर्टात तुमच्या वकिलांना हा नमुना दाखवून विचारा, कुठल्याही वेबसाइटच्या सर्टिफिकेटवर विसंबू नका. मृत्युपत्राबाबत तर फारच जपा. माहिती तंत्रज्ञान कायदा मृत्युपत्राला लागूच होत नाही. ते कागदावर, सही करून, दोन साक्षीदारांसमोरच करायचं. मृत्युपत्राची पीडीएफ ब्लॉकचेनवर ठेवून म्हातारी माणसं निर्धास्त झाली तर पुढे मुलाबाळांना फार त्रास होईल.

चाल, कविता, लेख यांचा हक्क मांडायचा असेल तर कॉपीराइट निर्मितीबरोबरच मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. तरी नोंदणी हवी असेल तर साहित्यकृतीची सरकारी फी ५०० रुपये आहे. एका ब्लॉकचेन सर्टिफिकेटच्या पाव किमतीहून कमी.

पायरी ५: किमतीचं गणित मांडा

दर कागदाला वेगळे पैसे घेतात म्हणून वाटतं, दर कागदाला वेगळी नोंद होत असेल. बहुधा तसं नसतं. दोन ठसे एकत्र करून त्यांचा एक ठसा काढता येतो. तसे दोन घेऊन त्यांचा पुन्हा एक. या उतरंडीला मर्कल ट्री म्हणतात. १,०२४ कागद असले तर दहा पायऱ्यांत सगळ्यांचा मिळून एकच ठसा होतो आणि ब्लॉकचेनवर तोच एक जातो. तुमचा कागद त्यात होता हे दाखवायला फक्त दहा ठसे जवळ लागतात, म्हणजे ३२० बाइट. व्हॉट्सअॅपच्या एका छोट्या निरोपाएवढं.

आता हिशेब. १,०२४ कागदांचे प्रत्येकी १,८०० म्हणजे १८,४३,२०० रुपये जमा. समोर खर्च ब्लॉकचेनवरच्या एका नोंदीचा, तिला व्यवहार म्हणतात. तो आपण मुद्दाम जास्त, ५,००० रुपये धरू. कागदामागे पाच रुपयेही पडत नाहीत. बाकीचे पैसे वेबसाइट, माणसं, जाहिरात आणि नफा यांचे. धंदा करणाऱ्यानं नफा घेऊ नये असं मी म्हणत नाही, मीही दुकानदार आहे. पण झेरॉक्सचा कागद मी सोन्याचा म्हणून विकत नाही.

काही सेवा वार्षिक नूतनीकरणाचे पैसेही मागतात, ते तर मला पटतच नाही. कायमची नोंद म्हणून विकली, तर दरवर्षी पैसे कशाचे? उत्तर असं की नोंद कायम आहे, पण ती बघायचं पान त्यांचं आहे. पैसे थांबले की पान बंद. इथूनच पुढची पायरी सुरू होते.

पायरी ६: विकणाऱ्याला विचारा, आणि उत्तर लेखी घ्या

फोनवर नको, ईमेलवर विचारा. तुमची वेबसाइट उद्या बंद पडली तर माझा कागद मी कसा तपासायचा? हा पहिला आणि सगळ्यात मोठा प्रश्न. नीट सेवा असेल तर ते सांगतील: नोंद अमुक सार्वजनिक चेनवर, म्हणजे कुणालाही बघता येणाऱ्या ब्लॉकचेनवर आहे, व्यवहाराचा क्रमांक हा, पुराव्याची फाइल ही, आणि ती या मोफत साधनानं तपासता येते. "आमची स्वतःची सुरक्षित चेन आहे" असं उत्तर आलं तर ओळखा की ती त्यांचीच वही आहे, त्यांच्याच कपाटात. मोठ्या कंपन्यांनाही हे टिकवता आलं नाही. जहाजावरच्या मालाच्या कागदपत्रांसाठी माएर्स्क ही जहाज कंपनी आणि कॉम्प्युटर कंपनी आयबीएम यांनी २०१८ मध्ये ट्रेडलेन्स ही ब्लॉकचेन व्यवस्था आणली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ती बंद करत असल्याचं जाहीर केलं.

मग विचारा: नोंद करण्याआधी माझा कागद खरा आहे हे तुम्ही कुणाकडून खात्री करून घेता? बोर्डाला विचारता? विद्यापीठाला? विचारत नसाल तर 'व्हेरिफाइड' हा शब्द कशाच्या आधारावर छापता? भाचीच्या प्रकरणात मी स्वतः हा ईमेल लिहिला. उत्तरात पुन्हा जाहिरातच आली.

आणि तिसरं, "जगभर मान्य" म्हणता त्या संस्थांची यादी द्या. यादी आली तर त्यातल्या एका संस्थेला तुम्ही स्वतः लिहून विचारा.

माझा कागद तुमच्याकडे किती दिवस राहतो, तेही विचारून घ्या. आधार, पासपोर्ट, गुणपत्रिका अशा गोष्टी आपण अनोळखी वेबसाइटला देतो आहोत. ब्लॉकचेनवर नुसता ठसा जातो, पण त्यांच्या सर्व्हरवर अख्खी फाइल राहू शकते. ठशाबद्दलही एक सावधगिरी: नुसत्या आधार क्रमांकाचा ठसा कुठेही टाकू नका. बारा आकडी क्रमांक मोजकेच असतात, कॉम्प्युटर सगळे ठसे काढून जुळवू शकतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आपली माहिती पुसायला सांगायचा हक्क आहे, आणि सार्वजनिक चेनवर एकदा गेलेलं पुसता येत नाही. ही गाठ कशी सुटेल याची वाट बघण्यापेक्षा तिथं काही न टाकणं बरं.

कुठं उपयोग होतो

एवढं लिहिल्यावर ब्लॉकचेन म्हणजे निव्वळ फसवणूक, असं कुणी समजू नये. कागद देणाराच जेव्हा नोंद करतो, तेव्हा चित्र बदलतं. २०२२ मध्ये गडचिरोलीच्या एटापल्ली भागात सुमारे ६५,००० जातीचे दाखले पॉलिगॉन या सार्वजनिक चेनवर नोंदवले गेले. तिथं दाखला देणारी कचेरीच पुढे होती, म्हणून शिक्का आणि मोर्तब दोन्ही होती. अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठानं २०१७ मध्ये १११ पदवीधरांना अशा डिजिटल पदव्या दिल्या. आपल्याकडे सीबीएसईनंही २०२१ मध्ये निकालाच्या कागदांसाठी ब्लॉकचेन वापरायला घेतलं. या तिन्ही ठिकाणी विद्यार्थ्याला किंवा नागरिकाला मधल्या एजंटाकडे जावं लागलं नाही. तुमच्या बोर्डानं किंवा विद्यापीठानं असं काही दिलं तर आनंदानं घ्या आणि जपा. तुमच्या वतीनं तिसऱ्याच कुणी ते तुम्हाला विकत असेल तर पायरी १ चा कागद पुन्हा काढा.

पैसे आधीच भरले असतील तर

हात बांधून बसू नका. सगळ्यात आधी त्यांच्या वेबसाइटवरून सगळ्या फाइली, पुराव्याची फाइल आणि व्यवहाराचा क्रमांक उतरवून घ्या, खातं बंद करायच्या आधी. क्रमांक मिळाला तर तो त्या चेनच्या सार्वजनिक एक्सप्लोररवर, म्हणजे तिच्यातल्या नोंदी शोधायच्या वेबसाइटवर टाकून बघा, नोंद खरंच आहे का. मग आपोआप कापले जाणारे पैसे थांबवा: यूपीआय अॅपमध्ये 'ऑटोपे'मध्ये जाऊन, किंवा कार्डाच्या बँकेत ई-मँडेट रद्द करून. असे पैसे कापण्याच्या २४ तास आधी बँकेचा निरोप येतो, तो नुसता बघून सोडू नका.

त्यानंतर परताव्याचा ईमेल. जाहिरातीचा स्क्रीनशॉट जोडा, "जगभर मान्य" हे शब्द जसेच्या तसे लिहा, तुमचा कागद नाकारणाऱ्या संस्थेचं उत्तर जोडा आणि पंधरा दिवसांची मुदत द्या. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. त्यांच्याकडे तक्रार नोंदवली की क्रमांक मिळतो, तो पुढच्या प्रत्येक ईमेलच्या विषयात लिहा. भाचीचे आम्ही असेच मागितले. पहिल्या ईमेलला काही नाही, १९१५ वर तक्रार केल्यावर तीन आठवड्यांनी दोन कागदांचे पैसे आले, ४,२४८. तीन कागदांचे अजून यायचे आहेत आणि तक्रार उघडी आहे. तिचा ट्रान्सक्रिप्ट मधल्या काळात विद्यापीठाच्या बंद पाकिटातून गेला. ते पाकीट पाठवायला मी तिच्याबरोबर रावपुऱ्याच्या पोस्टात गेले होते.